उस्तादांची जीभ

त्या दुपारी टाकीत पाणी मी भरलं होतं.

हे वाक्य आजवर मी कुणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोपुढं नाही, पोलिसांपुढं नाही, आणि ज्यांच्यापुढं उच्चारायला हवं होतं त्यांच्यापुढं तर नाहीच. मुळात मी कमी बोलणारा माणूस, रेणापूरकडचा. आमच्या घरी आमटीत मीठ कमी पडलं तर कुणी बोलून दाखवत नसे. सगळे आमटीकडं टक लावून बसत, आणि आईनं काय ते ओळखायचं. पण हे प्रकरण टक लावून मिटण्यातलं नव्हतं.

उस्तादांचं नांदेडला ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक जुनी पांढरी गाडी, एक खुर्ची आणि एक पाटी. घराणं कैक पिढ्यांचं नांदेडचं. आजोबा निजामाच्या काळात कुणा जहागीरदाराच्या मोटारीवर होते, असं ते सांगत. जहागीरदार कोण, हे दर वेळी बदलायचं. मोटार मात्र तीच राहायची.

त्यांच्या स्कूलमध्ये पहिला महिनाभर हॉर्नला हात लावायची मनाई होती. "हॉर्न मशीन का काम नै, मूँह का काम है. आधी तोंड उघडायला शिका," असं ते म्हणत. त्यामुळं आमच्या भागात कुणी गाडी शिकत असलं की खिडकीतून मुंडकं बाहेर काढून "ओ मावशी, सरका! ओ काका, बाजूला व्हा!" असा आरडाओरडा ऐकू यायचा. भाजीवाल्या बायका आवाजावरून सांगायच्या, हा नवा आहे, हा परीक्षेला बसला तरी चालतंय.

मी तेव्हा शहरातल्या एका केबलवाल्या शेठकडं कॅमेरा धरायचो. लग्नं, सत्कार, पुढाऱ्यांचे वाढदिवस. वय पस्तिशीच्या आसपास आणि गाडी येत नव्हती, म्हणून उस्तादांकडं गेलो. पण माझ्या तोंडून 'सरका' काही निघेना. मी गाडी थांबवायचो आणि समोरचा माणूस आपणहून सरकेपर्यंत वाट बघायचो. एकदा एका म्हशीसाठी इतका वेळ थांबलो की उस्ताद खाली उतरून चहा पिऊन आले.

"बेटा," ते म्हणाले, "तेरेसे तो भैंस ज्यादा बोलती."

मग त्यांनी मला गोदावरीच्या पात्रात नेलं. त्या वर्षी नदीत पाणी कमी आणि क्रिकेटचे डाव जास्त होते. मला वाळूत उभं केलं, स्वतः लांब गेले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. "ओरड. मी सरकेपर्यंत ओरड." मी ओरडलो. क्रिकेट खेळणारी पोरं सरकली, एक कुत्रं सरकलं, उस्ताद हलले नाहीत. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका सकाळी ते एक पाऊल बाजूला झाले, आणि मला मॅट्रिक पुन्हा पास झाल्यासारखं वाटलं. मला तोंड उघडायला शिकवलं ते या माणसानं.

पण उस्तादांची खरी ख्याती होती ती जिभेची. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक स्टीलचा चमचा असायचा. जुनी गाडी घ्यायची झाली की लोक त्यांना घेऊन जात. उस्ताद बॉनेट उघडत, इंजिनातलं तेल चमच्यावर घेत आणि जिभेच्या टोकाला लावत. डोळे मिटत. विकणारा घाम पुसायचा. मग उस्ताद थुंकून निकाल द्यायचे: "नया तेल, पुराना पाप." की सौदा मोडला.

ब्रेकचं तेल, डिझेल, रेडिएटरचं पाणी, सगळं त्यांनी चाखलेलं होतं. बॅटरीचं पाणीही एकदा चाखलं, आणि त्यानंतर आठवडाभर त्यांचं ओठ सुजलेलं तोंड पाहून लोक आपणहून बाजूला होत, विद्यार्थ्यांना ओरडावंच लागलं नाही. चुका होत नव्हत्या असं नाही. एका नवरदेवाच्या गाडीला त्यांनी "एकदम शरीफ" म्हणून पास केलं आणि ती मुदखेडच्या रेल्वे फाटकात बंद पडली. गेटमननं अक्षता टाकायच्या तेवढ्या बाकी राहिल्या होत्या. पण उस्तादांनी हार मानली नाही. "गाडी शरीफच हाय," ते म्हणाले. "नवरदेवाच्याच मनात जायचं नसंल."

आमच्या शेठच्या चॅनलवर रविवारी सकाळी भजनानंतरचा अर्धा तास मोकळा पडायचा. मी एकदा उस्तादांचं चाखणं सहज चित्रित करून दाखवलं. शेठ इतके हसले की त्यांचा फोन चहात पडला. पुढच्या रविवारपासून 'गाडीची चव' सुरू झालं. उस्ताद कार्यक्रमाचे सर्वस्व, मी कॅमेरा, आवाज, दिवा आणि गरज पडल्यास प्रेक्षक. लोक बाटल्यांतून तेल पाठवू लागले. नाक्यावर पोरं त्यांना बघून जीभ बाहेर काढायची, आणि उस्ताद उलट त्यांची जीभ तपासून सांगायचे, "पेट साफ नै तेरा."

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि आमच्या रेणापूरकडं टँकर. मी गावाकडून टँकरचं थोडं चित्रण करून आणलं होतं: टँकर खड्ड्यातून उसळतोय, झाकणातून पाणी उडतंय, आणि मागं बाया घागरी घेऊन पळताहेत, उडालेलं पाणी झेलायला. उस्तादांनी ते पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. चमचा खिशातून काढला, परत ठेवला.

"अर्धं पाणी रस्ता पिऊन राहिला," ते म्हणाले. "हे टँकरवाले न्हाईत, माळी हाईत. डांबराला पाणी घालतेत."

आणि पुढच्या रविवारी कॅमेऱ्यासमोर त्यांनी पैज लावली. छोट्या टेम्पोवर काळी टाकी बसवायची, नांदेडला स्वतःच्या घरच्या बोअरवर काठोकाठ भरायची, आणि सीमेपलीकडं पार दुसऱ्या राज्यात नेऊन परत आणायची. टाकीत बुडवायच्या बांबूच्या काठीवर खिळ्यानं खूण केली. पाणी त्या खुणेखाली बोटभर जरी उतरलं, तर लायसन सोडायचं. हे लायसन म्हणजे त्यांचा जीव. जुन्या पुस्तकासारखं, नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी फुगलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते छातीशी ठेवत.

"पण उस्ताद, दुसऱ्या राज्यात कशाला? भोकरपर्यंत जाऊन येऊ," मी म्हणालो.

"परदेश दौरा होऊ दे की एखादा. मोठ्या चॅनलवाले विलायतेला जातेत, आपण तेलंगणात जाऊ."

शिवाय पलीकडं नवे जिल्हे होणार अशी बातमी होती. सीमेजवळच्या एका तालुक्याच्या गावात 'आमचं गाव जिल्हा झालंच पाहिजे' म्हणून मंडप टाकून साखळी उपोषण चाललं होतं. "नव्या जिल्ह्याचे रस्ते तपासून येऊ," उस्ताद म्हणाले. कुणी बोलावलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

उस्तादांनी त्या दिवशी जी गाडी चालवली तशी मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. खड्डा आला की खड्ड्यालाच विचारून उतरायचे. मागून ट्रकवाले शिव्या देत होते. एक बैलगाडी आमच्या पुढं निघून गेली, तेव्हा गाडीवान मागं वळून म्हणाला, "मयताला चाललाव का?" उस्तादांनी हात जोडले. सीमा ओलांडल्यावर एका ढाब्यावर थांबून त्यांनी काठी बुडवली. पाणी खुणेवर. थेंब कमी नाही.

आता माझं काम. धुळीनं कॅमेऱ्याची काच माखली होती. मी टाकीच्या बुडाची तोटी उघडून रुमाल ओला केला, काच पुसली, तोंडावर एक हबका मारला. उस्तादांनी जेवायला हाक दिली. मी तोटी फिरवली आणि गेलो.

तोटी नीट बसली नव्हती.

जेवण झालं. उस्ताद लिंबाखालच्या बाजेवर आडवे झाले आणि घोरू लागले. मी टेम्पोकडं आलो तर चाकाखाली चिखल. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच चिखल पाहत होतो. दोन शेळ्या पाणी पीत होत्या आणि चिमण्यांनी आंघोळीला रांग लावली होती. टाकीत डोकावलो. तळाला पाय बुडेल एवढं उरलं होतं.

मी बाजेकडं पाहिलं. छातीवर लायसनची पिशवी श्वासाबरोबर वरखाली होत होती. त्यांना उठवून सांगायला हवं होतं, "उस्ताद, चूक माझी आहे." त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या, आणि त्यांचं लायसन वाचलं असतं, कारण चालवण्यात त्यांची चूक नव्हती. हे मला आज कळतं. तेव्हा फक्त एवढंच कळलं, की हा माणूस उठेल आणि काठी बुडवेल.

मी टेम्पो सुरू केला. हॉर्न न वाजवता, कुणाला 'सरका' न म्हणता निघालो. थोड्या अंतरावर तळं होतं. तळं म्हणजे कडेला भेगाळलेली काळी माती आणि मधोमध हिरवट पाणी. काठावर एक म्हातारा इंजिन लावून वांग्यांच्या वाफ्यात पाणी सोडत होता. मला तेलुगूतला एकच शब्द येत होता. टाकीकडं बोट दाखवून म्हणालो, "नीळ्ळु." म्हणजे पाणी.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मग डावीउजवीकडं पाहिलं. मीही पाहिलं. आमच्या माणसांना मनाई असलेल्या गावच्या विहिरीजवळून जाताना माझ्या आजोबांनी आयुष्यभर अशीच मान वळवून वळवून पाहिलं होतं. ती मान माझ्याही धडावर आहे. म्हाताऱ्यानं काही न विचारता नळी टाकीत सोडली. भरल्यावर हात हलवून म्हणाला, "पो, पो." म्हणजे जा. त्या तळ्यातून पाणी उपसायला गावानं बंदी घातलीय, हे मला नंतर पोलीस ठाण्यात कळलं. म्हाताऱ्याला अर्थात आधीपासूनच माहीत होतं.

काठी बुडवून पाणी नेमकं खुणेवर आणलं. टेम्पो जागच्या जागी लावला. चिखलावर माती लोटली. शेळ्यांना हाकललं. मग उस्तादांच्या शेजारी जमिनीवर आडवा होऊन डोळे मिटून घेतले.

उस्ताद उठले, कॅमेरा सुरू करायला लावला, काठी बुडवली. खूण ओली. त्यांनी काठीचा मुका घेतला.

"देखा बेटा? इसको बोलते ड्रायव्हिंग. उन्हात उभी करून सुदिक पाणी आटलं न्हाई!"

मी ते सगळं चित्रित केलं. हात हलला नाही. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत स्थिर चित्रण असेल.

गावात पोचलो तेव्हा उपोषणाचा मंडप भरला होता. समोरच्या मैदानात नवी कचेरी होणार, असं फलकावर लिहिलेलं होतं. उस्ताद खाली उतरले, मैदानातली चिमूटभर माती चमच्यावर घेतली आणि कॅमेऱ्याकडं बघून जिभेला लावली. मंडपातली माणसं उठून पुढं आली. उस्तादांनी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, थोडा विचार केला आणि निकाल दिला:

"अजून तालुकाच हाय. जिल्ह्याची चव आलेली न्हाई."

देवाशपथ सांगतो, त्यांच्या मनात काडीचं वाकडं नव्हतं. इंजिनाबद्दल बोलावं तसं ते बोलले. पण सीमेवरच्या माणसांना मराठी चांगलं कळतं. एकानं ते तेलुगूत सांगितलं, दुसऱ्यानं त्यात भर घालून सांगितलं, आणि तिसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर उस्ताद त्यांच्या मातीवर थुंकले असं झालं होतं. थुंकले होतेच ते, पण सवयीनं. इंजिनाच्या तेलावरही थुंकायचेच.

"आमची माती चाखणारा तू कोण?" पुढाऱ्यानं विचारलं. धोतर नेसलेला, दिवसभर उपाशी, आवाज मात्र भरपेट.

"मेहमान," उस्ताद म्हणाले.

तेवढ्यात एकाचं लक्ष टेम्पोकडं गेलं. महाराष्ट्राचा नंबर, वर काठोकाठ भरलेली टाकी. "हाच टेम्पो दुपारी मला लांबून तळ्यावर दिसला होता!" तो ओरडला. पुढचं सांगायला नको. आम्ही दोघं, टेम्पो, टाकी, काठी आणि चमचा अशी मिरवणूक पोलीस ठाण्यात गेली.

फौजदार दखनी उर्दू चांगली बोलायचे. "क्या पंचायत है?"

"साब," उस्ताद म्हणाले, "ये लोगां बोलते हमने पानी चुराया. मैं सो रहा था, गाडी मेरे बाजू में खडी थी. ये मेरे घर की बोअर का पानी है. नांदेड का. इतना खारा है के चाय फटती. चखके देखो."

फौजदारांनी उभ्या हयातीत असा पंचनामा केला नसेल. टेबलावर पेले मांडले. पहिला पेला पुढाऱ्यानं घेतला. त्याचं उपोषण होतं, म्हणून पाणी चालतं का यावर मागं थोडी चर्चा झाली. चालतं असं ठरलं. तो घोट घेऊन गरजला, "मादे!" आमचंच! दुसऱ्यानं घेतला, "मा चेरुवु नीळ्ळे!" आमच्याच तळ्याचं! फौजदारांनी स्वतः घेतला आणि भुवया उंचावल्या.

उस्ताद हसत होते. "लाओ इधर," म्हणून त्यांनी खिशातला चमचा काढला, पाणी घेतलं, जिभेच्या टोकाला लावलं.

आणि हसू तसंच तोंडावर राहिलं, पण आतून कुणीतरी निघून गेल्यासारखं.

त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग पेलाच तोंडाला लावला. चूळ भरली, पण गिळली. वास घेतला. मी कोपऱ्यात उभा होतो. एक वाक्य होतं, फक्त एक, आणि मला ओरडायला शिकवणारा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

"मीठा है," उस्ताद हळू आवाजात म्हणाले. मग फौजदारांकडं वळून, अगदी इंजिनाचा निकाल द्यावा तसं: "इनकाच है, साब. हमारा नै."

फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "ऐसा चोर पहली बार देखा. खुद गवाही देता!"

उस्ताद माझ्याकडं आले. मला बाजूला घेतलं आणि कानाशी विचारलं, "बेटा, खरं सांग. दुपारी मी उठलो होतो का?"

मी म्हणालो, "आठवत नाही, उस्ताद. मीपण झोपलो होतो."

पाणी भरलं ते भीतीनं. पण हे वाक्य मी शुद्धीत बोललो.

त्या म्हाताऱ्याला वाचवण्यासाठी मी गप्प राहिलो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. गावानं त्याला वाळीत टाकलं असतं वगैरे. म्हाताऱ्याचा तर मला चेहराही नीट आठवत नाही. मी मला वाचवत होतो.

दुसऱ्या दिवशी ठरलं, की पाणी वाजतगाजत तळ्यात परत ओतायचं. डफ वाजवणारे आले. उस्तादांना पुढं चालवलं. तळ्याकाठी तोटी उघडणार तोच ते ओरडले, "थांबा!" सगळ्यांना वाटलं, आता पाया पडतो. उस्तादांनी काठी बुडवली आणि वर धरून गर्दीला दाखवली. "किसका भी हो, बोटभर सांडलं न्हाई! बघून घ्या!" आणि खरंच, काही बायांनी टाळ्या वाजवल्या.

तरी केस झालीच. पाणीचोरी आणि गावाचा अपमान. माती चाखतानाचं चित्रण कुणीतरी मोबाइलवर काढलं होतं, ते गावोगाव फिरलं. मंडपासमोर उस्तादांचा पुतळा जाळला. पण उस्ताद कसे दिसतात ते सगळ्यांना माहीत नव्हतं, म्हणून ओळख पटावी यासाठी पुतळ्याला लाल कापडाची हातभर जीभ लावली होती. फोटो पाहून उस्तादांनी मला विचारलं, "मेरी जबान इत्ती लंबी है?" आणि आरशासमोर जाऊन खात्री करून आले.

इकडं आमच्या शेठनी 'गाडीची चव' बंद केलं आणि त्या अर्ध्या तासात पुन्हा भजन लावलं.

कोर्टात उस्तादांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी विचारलं, "पूर्ण समजून कबूल करता?" उस्ताद म्हणाले, "साब, जबान कबूल करती. डोक्याला काई ठावं न्हाई." शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची. उस्ताद बाकावर ताठ बसले. दुपारी त्यांना पेंग येऊ लागली तशी त्यांनी शेजारच्या शिपायाचा हात घट्ट धरला. "सोडू नका," ते म्हणाले. "मी झोपलो तर जजसाबांची मोटार घेऊन जाईन." शिपाई हसला. मी हसलो नाही, कारण ते विनोद करत नव्हते.

उस्तादांनी एक हिशेब मांडला होता, आणि त्यांच्या बाजूनं तो चोख होता. जीभ खोटं बोलत नाही. पाणी तळ्याचं. गाडी चालवणारा माणूस तिथं एकच, कारण मी तर झोपलो होतो, मीच सांगितलं होतं. म्हणजे ते स्वतःच झोपेत उठले, तळ्यावर गेले, पाणी भरलं, परत आले आणि निजले. "आणि बोटभर सांडलं न्हाई," तशातही ते पुटपुटले. पण ज्याला आपण कुठं गेलो ते आठवत नाही, त्यानं गाडीला हात लावू नये.

नांदेडला परतल्यावर त्यांनी पैजेतलं लायसन छातीपासून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तू ठेव. मी मागितलं तरी देऊ नको. झोपेत मागत असंन."

मी ठेवलं.

स्कूल बंद झालं. पांढरी गाडी विकली. घेणाऱ्यानं तेल चाखायची विनंती केली तर उस्ताद म्हणाले, "तुम्हीच चाखा." ते आता मुदखेडला लेकीकडं असतात, स्टेशनच्या जवळ. दिवसभर पायी हिंडतात. चौकात आले की थांबून ओळखीच्याला विचारतात, "मी आत्ता कुठून आलो?" लोक सांगतात. पोरं मुद्दाम 'हैदराबादहून' सांगतात, आणि उस्ताद चप्पल काढून तळवे बघतात.

मी दर ईदेला जातो. दार त्यांची लेक उघडते. आम्ही तिला आपा म्हणतो.

"अब्बांनी नवी रस्सी आणली," मागच्या खेपेला तिनं सांगितलं. उस्ताद झोपताना पाय बाजेला बांधून घेतात. आधी तिची ओढणी घेत असत. ती म्हणाली, ईदेची ओढणी तरी सोडा अब्बा. तेव्हापासून सुती दोरी. गाठ तिच्याकडून मारून घेतात, म्हणजे झोपेत स्वतःला सोडता येऊ नये. "मी हळूच सैल मारते," ती म्हणाली. "पाय सुजतो त्यांचा."

त्या वर्षी पुढं पाऊस चांगला झाला, आणि दसऱ्याला पलीकडं नवे जिल्हे झाले. यादीत त्या गावाचंही नाव होतं. मी कामानं तिकडं गेलो होतो तेव्हा त्याच मैदानातली चिमूटभर माती कागदाच्या पुडीत बांधून आणली. तळं भरलं होतं. वांग्यांच्या वाफ्याकडं मी गेलो नाही.

पुढच्या ईदेला ती पुडी उस्तादांपुढं उघडली. ते खुलले. चमचा अजून खिशात होता. माती जिभेला लावली, डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ तसेच बसले. मी मनात म्हणालो, आता म्हणतील, 'हां, आता जिल्हा हाय.'

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "तू सांग," ते म्हणाले. "काय हाय?"

"जिल्हा आहे, उस्ताद."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग ठीक हाय. तू बोलतोस म्हणजे खरं असंल. तू कमी बोलतोस."

आपानं शीरखुर्मा आणला. उस्तादांनी एक चमचा घेतला आणि वाटी माझ्याकडं सरकवून विचारलं, "गोड हाय ना?" मी हो म्हणालो. ते खाऊ लागले. निघताना आपा दारापर्यंत आली, आणि आतून उस्तादांचा आवाज आला, "बेटा, रस्त्यानं ओरडत जा!" मी मान हलवली.

उस्तादांचं लायसन माझ्या कपाटात आहे. त्याची मुदत कधीच संपली. ते त्यांना परत द्यायचं आहे, आणि झोपेत ते कुठंही गेले नव्हते, हे त्यांना सांगायचं आहे.